‘इंजिनाने दगा दिला’ म्हणजे नेमके काय झाले?

अतिवेगवान नौकांच्या अपघातांविषयी सामान्य वाचकांसाठी जे लिहिले जाते, त्यात दोन वाक्ये हमखास भेटतात. एक, ‘ऐन वेळी इंजिनाने दगा दिला’. दुसरे, ‘नियतीच्या मनात काही वेगळेच होते’. शाळेच्या ग्रंथालयातून ही वाक्ये मुलांपर्यंत पोहोचतात आणि तेथेच त्यांचे कुतूहल थांबते. म्हणून त्यांची दखल घ्यावीशी वाटते. उदाहरणादाखल डोनल्ड कॅम्पबेल यांच्या ‘ब्लूबर्ड के-७’ या जेट नौकेची कथा घेऊ. ती पुष्कळदा सांगितली गेली आहे आणि, आमच्या मते, बहुतेक वेळा वाईट सांगितली गेली आहे.

कथा थोडक्यात अशी. ४ जानेवारी १९६७, उत्तर इंग्लंडमधील कॉनिस्टन सरोवर. पाण्यावरील वेगाचा ताशी सुमारे ४४५ किलोमीटरचा विक्रम १९६४ पासून कॅम्पबेल यांच्याच नावावर होता. आता त्यांना ताशी ३०० मैलांची, म्हणजे ४८३ किलोमीटरची, मर्यादा ओलांडायची होती. नियमाप्रमाणे एक किलोमीटरचे मोजलेले अंतर तासाभरात दोन विरुद्ध दिशांनी कापावे लागे व सरासरी धरली जाई. (असे का, हे वर्गात विचारून पाहावे.) पहिल्या फेरीत ताशी ४७९ किलोमीटर वेग मिळाला. परतीच्या फेरीत तो ५१५ च्या वर गेला, नौकेचे नाक उचलले गेले, ती हवेत उलटली आणि पाण्यावर आदळून फुटली. आदल्या रात्री पत्ते खेळताना कॅम्पबेल यांच्या हाती इस्पिकची राणी आणि इस्पिकचा एक्का आला होता, ही गोष्ट सांगायला मात्र सहसा कोणी विसरत नाही.

याच नौकेचे एक इंजिन दोन महिने आधी, नोव्हेंबर १९६६ मध्ये, निकामी झाले होते. ती हकीकत अनेक कथाकार एका ओळीत उरकतात. आमच्या दृष्टीने खरा पाठ तेथेच आहे.

ब्लूबर्डने १९५५ पासून सात विक्रम केले ते मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स कंपनीच्या ‘बेरिल’ इंजिनावर. १९६६ मध्ये त्याच्या जागी ब्रिस्टल सिडली कंपनीचे ‘ऑर्फियस’ बसवले. ते हलके आणि अधिक जोराचे होते. (याच जातीची इंजिने बंगलोरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये बनत आणि आपल्या नॅट व मरुत विमानांत बसवली जात.) इंजिन नवे आले, नौका मात्र जुनीच. चाचण्यांच्या वेळी हवा आत घेणारी तोंडे कोसळली आणि त्यांचे तुकडे इंजिनात गेले.

तोंडे कोसळली ती कशाने? शिक्षकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. पत्र्याच्या डब्यात पाणी उकळून, झाकण लावून तो थंड करण्याचा प्रयोग सर्वांनी केलेला असतो. इंजिन जोराने हवा खेचते, तेव्हा मार्गातील दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि बाहेरची हवा पत्रा आत दाबते. दाबातील फरक वातावरणाच्या दाबाच्या केवळ एक-दशांश धरला, तरी एक चौरस मीटर पत्र्यावर सुमारे एक टन वजनाइतका भार येतो. गमतीची गोष्ट अशी की, नौका उभी किंवा संथ असताना हा भार अधिक जाणवतो. वेगात असताना समोरून आदळणारी हवाच तोंड भरून टाकते. म्हणजे ‘अतिवेगाने इंजिन फुटले’ हे स्पष्टीकरण येथे नेमके उलटे ठरते.

आता आत गेलेल्या तुकड्याचे पाहू. ऑर्फियसच्या कॉम्प्रेसरमध्ये फिरत्या पात्यांच्या सात रांगा एकामागे एक असतात. समजा, इंजिन मिनिटाला १०,००० फेरे घेत आहे आणि अक्षापासून ३० सेंटिमीटर अंतरावर ५० ग्रॅम वजनाचे पाते आहे. ते जागेवर धरून ठेवण्यास दीड टन वजनाहून अधिक बल लागते. हे गणित अकरावीचा विद्यार्थी करू शकेल. अशा पात्यावर धातूचा एखादा तुकडा आदळला की ते तुटते, त्याचे तुकडे पुढच्या रांगेवर जातात, त्या रांगेचे त्यापुढील रांगेवर. तंत्रज्ञ ज्याला ‘कॅटॅस्ट्रॉफिक फेल्युअर’ म्हणतात ते हेच: हळूहळू झिजणे नव्हे, एका दमात सर्वनाश. परंतु तो शब्द घटनेचे स्वरूप सांगतो, कारण सांगत नाही. येथे कारण इंजिनात नव्हतेच. ते जुनी नौका आणि नवे इंजिन यांच्या सांध्यात होते. दगा द्यायला इंजिनाला मन असावे लागते.

डिसेंबरमध्येही इंजिनाला पुरेसे इंधन मिळत नव्हते. पंप बदलून महिनाअखेरीस तो दोष काढण्यात आला. ही पार्श्वभूमी माहीत असली म्हणजे जानेवारीच्या अपघाताकडे पाहण्याची दृष्टी बदलते. त्या दिवशीच्या चित्रफितीत शेवटच्या क्षणी जेटच्या झोताने पाणी ढवळलेले दिसत नाही. त्यावरून इंजिन विझले असावे, असे काही अभ्यासकांनी मांडले. इंजिनाचा रेटा नौकेचे नाक खाली ठेवण्यास मदत करीत असे, तो अचानक गेला आणि हवेची उचल तशीच राहिली, असा त्यांचा तर्क. तर्क सुसंगत आहे. पण नाक वर गेल्यावर हवा तोंडात तिरकी शिरते आणि त्यानेही इंजिन विझू शकते. तेव्हा इंजिन थांबले म्हणून नाक उचलले, की नाक उचलले म्हणून इंजिन थांबले? कारण आणि परिणाम यांचा क्रम ठरवण्याचा याहून चांगला प्रश्न आम्हांला तरी पाठ्यपुस्तकात सापडलेला नाही.

याचे उत्तर शोधायचे तर क्षणामागून क्षण पाहावे लागतात. लोकप्रिय पुस्तकांत बहुधा एकच छायाचित्र असते: नौका हवेत उभी. त्याच्या आधीची चौकट आणि नंतरची चौकट शेजारी छापायला फारशी जागा लागली नसती.