फ्रेंच संबंधी सर्वनामे आणि आपली अध्यापनपद्धती

आपल्याकडे फ्रेंच भाषा बहुधा इंग्रजीच्या द्वारे शिकविली जाते. त्यामुळे 'की' आणि 'क' या संबंधी सर्वनामांपैकी पहिले व्यक्तीसाठी व दुसरे वस्तूसाठी, अशी वाटणी विद्यार्थ्यांच्या मनात सहज रुजते. ही वाटणी इंग्रजीची आहे, फ्रेंचची नव्हे. 'लॉम की पार्ल' (जो मनुष्य बोलतो तो) आणि 'ल लीव्र की तोंब' (जे पुस्तक पडते ते) या दोहोंत 'की' आहे. 'लॉम क झ व्वा' (ज्या मनुष्याला मी पाहतो तो) आणि 'ल लीव्र क झ ली' (जे पुस्तक मी वाचतो ते) या दोहोंत 'क' आहे. भेद सजीव-निर्जीवाचा नसून कर्ता व कर्म यांचा आहे.

तथापि व्यक्ती-वस्तुभेद फ्रेंचला सर्वस्वी परका आहे, असेही म्हणता येत नाही. नामापूर्वी येणाऱ्या अव्ययानंतर प्रमाणभाषेत 'की' व्यक्तीपुरतेच राहते: 'लॉम आ की झ पार्ल'. वस्तूसाठी 'लकेल'ची रूपे योजावी लागतात: 'ल लीव्र ओकेल झ पांस'. चुकीच्या नियमात सत्याचा असा अंश असल्यामुळेच तो दीर्घकाळ टिकतो.

या प्रश्नाकडे पाहण्याची अधिक खोल दृष्टी आंत्वान आर्नो व क्लोद लांसलो यांच्या १६६० सालच्या पोर-रोयाल व्याकरणात आढळते. संबंधी सर्वनाम नामाच्या जागी येते, एवढे सांगून ते थांबत नाहीत. ज्या वाक्यात ते येते, ते वाक्य दुसऱ्या वाक्याचे अंग बनू शकते, हा त्याचा विशेष ते दाखवितात. अर्थात या सर्वनामाला दोन वाक्यांत दोन नाती असतात. आणि त्याचे रूप ठरविते ते गौणवाक्यातील नाते.

मराठी भाषकास हे तत्त्व नवे नाही. 'जो', 'ज्याला', 'ज्याचा' यांतील विभक्ती गौणवाक्यातूनच येते. मग इंग्रजीचा वळसा कशासाठी? फ्रेंच 'क'ला लिंगवचनाचे चिन्ह नाही. पण ती माहिती लुप्त होत नाही. 'ले लेत्र क झे एक्रीत' (जी पत्रे मी लिहिली ती) येथे धातुसाधित कर्माप्रमाणे स्त्रीलिंगी अनेकवचनी होते. कर्म मागे असते, तर 'एक्री' एवढेच राहते. आपल्या कर्मणी प्रयोगाशी याचे साम्य उघड आहे. मात्र मराठीत ही संगती कर्माच्या स्थानावर अवलंबून नसते.

साम्याला मर्यादा आहेत, हेही सांगितले पाहिजे. मराठीत 'जो मनुष्य बोलतो, तो' असे नाम गौणवाक्यातच बसते व 'तो' त्याचा प्रतिसाद देतो. फ्रेंचमध्ये नाम आधी, सर्वनाम नंतर. 'ज्याचा' हे रूप पुढील नामाप्रमाणे बदलते; 'दों' अविकारी आहे. शिवाय 'ज्याच्या मुलाशी मी बोलतो' या अर्थी 'दों' चालत नाही. 'ओ फीस द की' अशी रचना करावी लागते, कारण 'मुलगा' हे नाम स्वतःच अव्ययाच्या अधीन आहे.

म्हणून अध्यापनाचा क्रम बदलणे इष्ट आहे. प्रथम गौणवाक्य सुटे करून त्यातील नाते ओळखावे, मग सर्वनाम निवडावे. हे न केल्यास फ्रेंच ग्रंथांच्या भाषांतरात कोणी कोणास पाहिले, याचाच विपर्यास होतो. आणि तो दोष शैलीचा नसून अर्थाचा असतो.