ध्येयवादी नायक आणि त्याच्या ध्येयाचे मोल

ध्येयवादी पात्रांविषयी मराठीत जे विवेचन होते ते बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरत असते. नायकाचे ध्येय थोर आहे काय, हा पहिला प्रश्न. आणि ते पात्र सजीव झाले आहे की लेखकाच्या मतांचे केवळ वाहन ठरले आहे, हा दुसरा. कलावादी व जीवनवादी या पक्षांतील जुन्या वादातही मतभेद होता तो मुख्यतः उत्तरांविषयी. हे दोन्ही प्रश्न आवश्यक आहेत यात शंका नाही; परंतु या दोहोंतही टीकाकाराची दृष्टी खिळून राहते ती नायकावर, आणि फार तर त्याला विरोध करणाऱ्या जगावर. ध्येयवादाच्या संघर्षात या दोन पक्षांखेरीज आणखी एक व्यक्ती असते. तिने ते ध्येय स्वीकारलेले नसते आणि त्याला विरोधही केलेला नसतो. तथापि त्याचे मोल मात्र तिला द्यावे लागते. या तिसऱ्या व्यक्तीचा विचार समीक्षेत क्वचितच होतो.

युरोपीय वाङ्मयातील ज्या अभिजात कृतींनी ध्येयवादी पुरुषाचे चित्र कायमचे घडविले, त्यांतील काही प्रमुख कृतींत ही तिसरी व्यक्ती अगत्याने उभी केलेली आढळते, आणि ती बहुधा एखादे अल्पवयीन मूल असते. हा केवळ योगायोग मानता येणार नाही. प्रौढ मनुष्य एखाद्या ध्येयाच्या मागे गेला तर त्याने ते निवडले, असे तरी म्हणता येते. मुलाच्या बाबतीत ही पळवाट उरत नाही. म्हणूनच मुलाच्या साक्षीला एखादी कृती किती स्थान देते, यावरून त्या कृतीतील ध्येयचिंतनाची खोली मोजता येते. सर्व्हांटिस, इब्सेन व दोस्तोयव्हस्की यांच्या चार कृतींच्या आधारे या विधानाची परीक्षा करणे शक्य आहे.

सर्व्हांटिसच्या ‘डॉन क्विक्झोट’चा पहिला भाग १६०५ साली व दुसरा १६१५ साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांशी झालेले युद्ध सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु नायकाचे पहिले खरे धर्मकार्य त्याच्या आधीच, चौथ्या प्रकरणात घडते. आंद्रेस नावाचा सुमारे पंधरा वर्षांचा मेंढपाळ पोरगा झाडाला बांधलेला आहे आणि त्याचा धनी हुआन हाल्दूदो त्याला पट्ट्याने झोडपीत आहे. मेंढरे हरवतात अशी धन्याची तक्रार आहे. नऊ महिन्यांचा पगार थकला आहे असे मुलाचे म्हणणे आहे. डॉन क्विक्झोट मुलाला सोडवितो, थकलेल्या पगाराचा हिशेब करतो आणि पैसे देण्याची शपथ धन्याकडून घेऊन समाधानाने पुढे निघून जातो. धनी काही सरदार नव्हे, त्याच्या शपथेवर विसंबू नये, हे मुलाने त्याच जागी सांगितलेले असते. नायक दृष्टीआड होताच मुलाला पुन्हा बांधून मरणप्राय मार दिला जातो.

एवढ्यावरच हा प्रसंग संपला असता तर तो विनोदाचा एक कठोर नमुना ठरला असता. परंतु एकतिसाव्या प्रकरणात सर्व्हांटिस आंद्रेसला परत आणतो. आपल्या पराक्रमाचा साक्षीदार म्हणून डॉन क्विक्झोट त्याला मोठ्या अभिमानाने सर्वांसमोर उभा करतो, आणि साक्ष नेमकी उलट निघते. तुम्ही मध्ये पडला नसता तर धन्याने दहावीस फटके मारून सोडून दिले असते, तुमच्या शब्दांनी त्याचा अपमान झाला आणि त्याचा सूड माझ्यावर उगविला गेला, असा त्या मुलाच्या बोलण्याचा आशय आहे. नायक तत्काळ धन्याचा समाचार घ्यावयास निघतो. पण दुसऱ्या एका वचनात तो अडकलेला असल्यामुळे ते राहून जाते. आंद्रेस खावयाला मागतो. सांचो आपल्या शिदोरीतील भाकरी व चीज काढून देतो आणि तुझ्या दुर्दैवाचा वाटा आम्हां सर्वांना उचलावा लागतो, असे सुचवितो. येथे एका मुलापुढे दोन प्रकारचे साहाय्य ठेवलेले आहे. एक न्यायाचे आहे आणि ते फसलेले आहे. दुसरे अन्नाचे आहे, अल्प आहे, पण ते देणाऱ्याच्या स्वतःच्या भुकेतून आलेले आहे. जाता जाता आंद्रेस सर्व भटक्या सरदारांना शाप देतो आणि नायक लज्जेने खाली पाहतो.

डॉन क्विक्झोटला शोकात्म ध्येयवीर मानण्याची परंपरा जर्मन स्वच्छंदतावाद्यांपासून सुरू झाली, आणि तुर्गेनेव्हने १८६० साली दिलेल्या हॅम्लेट व डॉन क्विक्झोट यांवरील व्याख्यानाने तिला फार मोठी प्रतिष्ठा मिळाली. ही परंपरा सर्वस्वी त्याज्य आहे असे नव्हे. मृत्युशय्येवर शुद्धीवर आलेल्या आलोन्सो किहानोला सांचो ज्या कळवळ्याने थांबवू पाहतो, तो कळवळा या नायकाच्या थोरवीचाच पुरावा आहे. मात्र या परंपरेत नायकाच्या पाठीवरील वळ जितक्या सहानुभूतीने मोजले गेले, तितके आंद्रेसच्या पाठीवरील मोजले गेले नाहीत. सर्व्हांटिसने ते मोजले आहेत. ध्येयवेड्या पुरुषावर प्रेम करावयास लावणाऱ्या या कादंबरीकाराने त्याच्यावरील आरोपपत्रही दडवून ठेवलेले नाही.

सर्व्हांटिसच्या नायकाला आपल्या कृतीचे फळ दिसत नाही, म्हणून त्याला क्षमा करता येते. इब्सेनच्या ‘ब्रांद’ (१८६६) या नाट्यकाव्यात ही सवलत काढून घेतलेली आहे. ब्रांद हा धर्मोपदेशक आहे. सर्व काही द्यावे, नाहीतर काहीच देऊ नये, हे त्याचे व्रत आहे. आई मरणोन्मुख असता ती सर्व संपत्ती सोडीत नाही म्हणून तो तिच्याजवळ जात नाही. पुढे वैद्य सांगतो की, या सूर्यहीन दरीत राहिल्यास त्याचा मुलगा आल्फ जगणार नाही. त्या क्षणी हा कठोर पुरुष गाव सोडावयास सिद्ध होतो. इतरांना एक माप आणि स्वतःला दुसरे, हे वैद्य त्याच्या निदर्शनास आणून देतो, आणि अखेरीस तो राहण्याचे ठरवितो. मूल दगावते. नाताळच्या आदल्या रात्री मृत मुलाचे कपडे एका भटक्या स्त्रीच्या लेकराला द्यावे लागतात. पत्नी आग्नेसने लपवून ठेवलेले शेवटचे टोपडेही ब्रांद तिला ठेवू देत नाही. त्यानंतर आग्नेसही जगत नाही.

ब्रांदवर दांभिकपणाचा आरोप करणे शक्य नाही, आणि या कृतीचे बळ त्यातच आहे. तो आपल्या हृदयाचाच बळी देत असतो. परंतु येथे एक सूक्ष्म घोटाळा आहे. आल्फचा मृत्यू ब्रांदच्या लेखी ब्रांदने केलेला त्याग ठरतो. मुलाचे जीवन हे पित्याच्या व्रतातील एक आहुती म्हणून मोजले जाते. ते मुलाचे स्वतःचे होते, ही गोष्ट हिशेबात येतच नाही. त्याग हा शब्द स्वतःच्या वस्तूविषयीच सार्थ असतो. दुसऱ्याचे जीवन देऊन टाकणे आणि त्यालाही त्याग म्हणणे, हा ध्येयवादातील अत्यंत सभ्य दिसणारा अपहार होय. नाटकाच्या शेवटी हिमकडा कोसळत असता ब्रांद ईश्वराला जाब विचारतो, आणि जो ध्वनी उमटतो तो ईश्वर प्रेमस्वरूप असल्याचे सांगतो. तो ध्वनी ब्रांदला शिक्षा सुनावतो की आश्रय देतो, याविषयी टीकाकारांत एकमत नाही. पण प्रेमाचा तो उच्चार आल्फच्या थडग्यानंतर येतो, हा क्रम विसरता येत नाही.

‘ब्रांद’नंतर अठरा वर्षांनी, १८८४ साली, इब्सेनने ‘द वाइल्ड डक’ लिहिले. मध्यंतरी १८८२ साली ‘अॅन एनिमी ऑफ द पीपल’मध्ये सत्यासाठी सर्व गावाशी झुंजणारा डॉक्टर स्टॉकमन त्याने उभा केला होता. त्या सत्यनिष्ठेचे विडंबन वाटावे असा ग्रेगर्स व्हेर्ले दोनच वर्षांत अवतरतो. याल्मार एकदालचा संसार एका असत्यावर उभा आहे. पत्नी गीना हिचा पूर्वी ग्रेगर्सच्या पित्याशी संबंध होता. हे सत्य उघड केले की त्या घरात खरा विवाह सुरू होईल, अशी ग्रेगर्सची श्रद्धा आहे. प्रत्यक्षात याल्मार आपल्या तेरा-चौदा वर्षांच्या हेडविगला दूर लोटतो. ग्रेगर्स तिला सुचवितो की, पित्यावरील प्रेमाची खूण म्हणून तिने आपले लाडके रानबदक अर्पण करावे. मुलगी माळ्यावर जाते, आणि गोळी बदकाला न लागता तिच्याच छातीत शिरते.

ग्रेगर्स आणि ब्रांद यांतील अंतर येथे ध्यानात घेतले पाहिजे. ब्रांद जे मागतो ते स्वतःकडूनही मागतो. ग्रेगर्सला स्वतःजवळचे काहीच द्यावे लागत नाही. दुसऱ्याच्या घरातील माणसांकडून तो ध्येयाची वसुली करतो. तरीही हे नाटक ध्येयवादाचा निकाल लावून मोकळे होत नाही. त्याला उत्तर देणारा डॉक्टर रेलिंग माणसे असत्याच्या आधारावर जगतात असे म्हणतो आणि ते असत्य औषधासारखे वाटत फिरतो. पण रेलिंगच्या औषधानेही हेडविग वाचत नाही; उलट ज्या याल्मारला त्याने आत्मगौरवाच्या भ्रमात वाढविले, त्याच याल्मारच्या पोकळ आवेशाला ती बळी पडते. ध्येय आणि व्यवहार हे दोघेही पुरुष तिच्या मृत्यूनंतर एकमेकांशी वाद घालीत असतात, आणि त्या वादावरच पडदा पडतो.

या तीन कृतींत जे प्रसंगातून सूचित होते त्याला तत्त्वरूप दिले ते दोस्तोयव्हस्कीने. ‘द इडियट’मध्ये (१८६८–६९) निखालस सुंदर मनुष्य रेखाटण्याचे त्याने मनात धरले होते, आणि त्या संकल्पासंबंधीच्या पत्रात डॉन क्विक्झोटचा आदराने उल्लेख केला होता. त्या कादंबरीतील प्रिन्स मिश्किनची करुणा नास्तास्या फिलिपोव्हनाला वाचवू शकत नाही. दहा वर्षांनंतरच्या ‘द ब्रदर्स करमाझोव्ह’मध्ये (१८७९–८०) इव्हान सरळ प्रश्न विचारतो : भावी विश्वसंवादाची उभारणी एका निरपराध मुलाच्या यातनेवर होणार असेल, तर ती मान्य करता येईल काय? हा प्रश्न वरवर ईश्वराला उद्देशून आहे, पण त्याचा रोख प्रत्येक ध्येयवाद्याकडे आहे. आल्योशालाही त्याचे उत्तर होकारार्थी देता येत नाही.

आल्योशाचे खरे उत्तर कादंबरीच्या एका गौण वाटणाऱ्या उपकथानकात आहे. इल्युशा नावाचा शाळकरी मुलगा त्याच्या बोटाला कडकडून चावतो. आल्योशा त्याला उपदेश करीत नाही. आपण याचे काय केले, याचा शोध घेतो, आणि आपल्याच भावाने त्या मुलाच्या पित्याची दाढी धरून विटंबना केल्याचे त्याला कळते. तो मदतीचे दोनशे रूबल घेऊन जातो. पिता ते तुडवून निघून जातो. येथपर्यंत आल्योशाची कृती आंद्रेसला सोडविणाऱ्या डॉन क्विक्झोटच्या कृतीइतकीच फसलेली आहे. फरक यापुढे पडतो. आपल्या उपकाराने त्या गरीब माणसाचा मान कोठे दुखावला, याचा तो विचार करतो. पैसे पुढे स्वीकारले जातात, आणि इल्युशाला दगड मारणारी मुलेच त्याच्या आजाराच्या बिछान्याभोवती जमतील असे आल्योशा घडवून आणतो. इल्युशा मरतोच. त्याचा मृत्यू कोणत्याही ध्येयाच्या नावे जमा केला जात नाही. त्याची आठवण ठेवावी एवढेच आल्योशा त्या मुलांना सांगतो.

या तुलनेतून ध्येयवादी पात्राच्या मूल्यमापनाला एक वेगळे परिमाण लाभते. सर्व्हांटिसचा नायक फळ न पाहता पुढे जातो. ब्रांद फळ पाहतो आणि त्याला आपला त्याग म्हणतो. ग्रेगर्स ते दुसऱ्याच्या खात्यावर टाकतो. आल्योशा परत येतो. परत येणे ही क्रिया वाङ्मयात नाट्यपूर्ण नसते, त्यामुळे ती टीकाकारांच्याही नजरेतून निसटते.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला ही कसोटी परकी वाटण्याचे कारण नाही. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मध्ये सुधाकराचे व्यसन जितके प्रभावी आहे, तितकाच सिंधूचा पातिव्रत्याचा आदर्शही. मद्यधुंद सुधाकराच्या हातून तिचे मूल मरते आणि ती स्वतः अखेरच्या जबानीतही पतीला वाचविते. सुधाकराला जाब द्यावा लागतो. प्रेक्षकांचे अश्रू सिंधूला मिळतात. ज्या आदर्शापायी ती त्या घरात राहिली, त्या आदर्शाविषयी पाळण्यातील मुलाच्या वतीने काही विचारावे, असे मात्र त्या नाटकाच्या चर्चेत फारसे कोणाच्या मनात येत नाही. सिंधूची थोरवी त्यामुळे कमी होते असे नव्हे; ब्रांदचीही होत नाही. परंतु ध्येयनिष्ठ पात्रांच्या गौरवात गुंतलेल्या समीक्षेने हा प्रश्न टाळला, तर तिच्या हातून सर्व्हांटिसने १६०५ सालीच केलेले काम अपुरे राहील. त्याने निदान आंद्रेसला पुन्हा बोलावून घेतले होते.