'आम्ही' आणि 'आपण' यांच्यामधले आलियानो

परक्या गावात रुळल्याची कथा सांगणारा लेखक बहुधा गावाने आपल्याला स्वीकारले एवढेच नोंदवतो. गावाने त्याला कोणत्या सर्वनामात सामावून घेतले, हा प्रश्न सहसा उपस्थित होत नाही. कार्लो लेवी यांच्या 'क्रिस्तो सी ए फेर्मातो आ एबोली' (१९४५) या आत्मकथनपर ग्रंथाचे मर्म याच प्रश्नात आहे.

लेवी तूरिनचे, वैद्यकाचे पदवीधर, पण वृत्तीने चित्रकार. फॅसिस्टविरोधी कार्यामुळे १९३५ मध्ये त्यांना दक्षिणेकडील लुकानियात स्थानबद्ध करण्यात आले, प्रथम ग्रास्सानो येथे आणि मग आलियानो येथे. ग्रंथात आलियानोचे 'गाल्यानो' झाले आहे. ग्रंथनाम गावकऱ्यांच्याच उद्गारातून आलेले आहे. त्यांच्या बोलीत 'ख्रिस्ती' म्हणजे माणूस. ख्रिस्त एबोलीलाच थांबला, तेव्हा त्यांची गणना माणसांत नाही. हे विधान मराठीत आणताना 'आम्ही'च वापरावे लागेल, 'आपण' चालणार नाही. इटालियन 'नोई' या सर्वनामात हा भेद अंगभूत नाही. मराठी वाचकाला मात्र तो टाळता येत नाही. ऐकणारा लेवी या 'आम्ही'च्या बाहेर उभा आहे.

तो आत येतो, पण सहवासाच्या गोडव्याने नव्हे. रोमला कुणीतरी याचे वाईट चिंतले, म्हणून हा इथे आला, असा शेतकऱ्यांचा तर्क आहे. म्हणजे हाही दैवाधीन. त्यांच्या लेखी सरकार हे गारपीट किंवा मलेरिया यांसारखेच एक अरिष्ट असल्यामुळे, सरकारने पाठवलेला कैदी हा सरकारचा माणूस ठरत नाही. गावातील प्रतिष्ठितांशी लेवीचे पत्त्यांचे डाव होतात, सौजन्याचे व्यवहार होतात. 'आपण'ची शक्यता मात्र शेतकऱ्यांच्याच बाजूने निर्माण होते. लेवीच्या वैद्यकीवर बंदी येते तेव्हा ते चवताळून उठतात आणि पुढे त्या अन्यायाचे सोंग रचून गावात दाखवतात. हा सर्व भाग ग्रंथातील सर्वांत सकस भागांपैकी आहे.

याहून सूक्ष्म प्रसंग बहिणीच्या भेटीचा. तोवर लेवी हा कुठूनसा आलेला, गणगोत नसलेला माणूस होता. बहिणीसोबत तो रस्त्याने चालताना दिसताच गावाची नजर बदलते. याचीही आई कुठेतरी आहे, याचेही रक्ताचे कुणी आहे. उपचार करून जे पूर्णपणे साधले नव्हते ते नात्याच्या दर्शनाने साधते.

अमेरिकन लेखिका फ्रान्सिस मेझ यांच्या 'अंडर द टस्कन सन' (१९९६) शी तुलना केली तर फरक ध्यानी येतो. कोर्तोना येथील 'ब्रामासोले' हे घर विकत घेणे, त्याची डागडुजी, स्वयंपाकघर यांतून तेथे आपलेपणा घडतो. तो खोटा आहे असे नव्हे. पण दार बाहेरून लावून परत जाण्याची मुभा तेथे प्रत्येक पानामागे उभी आहे. नातालिया गिंझबुर्ग यांच्या 'इन्व्हेर्नो इन आब्रुत्सो' (१९४४) या छोट्या निबंधातही स्थानबद्धताच आहे. गाव तेथे पतीला 'प्राध्यापक' म्हणून दात काढण्यापासून करापर्यंतचे सल्ले विचारते. तो काळ आयुष्यातला उत्तम होता हे पतीच्या तुरुंगातील मृत्यूनंतरच लेखिकेला उमगते. म्हणजे तेथे असताना ते घर नव्हतेच.

लेवीवर एक आक्षेप घेतला जातो व तो दुर्लक्षणीय नाही. त्याने या गावाला कालातीत, इतिहासाबाहेरचे करून टाकले, असा हा आक्षेप. निवेदकाच्या चिंतनापुरता तो मान्य करावा लागतो. परंतु तपशील चिंतनाला सारखे छेद देतात. शेळ्यांवरचा कर, अमेरिकेहून परतलेले पुरुष, रोमपेक्षा जवळचे वाटणारे न्यूयॉर्क, अबिसीनियाच्या युद्धाविषयीची उदासीनता हा सारा इतिहासच आहे. चित्रकाराची दृष्टी गावाला स्थिर करते, डॉक्टरची करू देत नाही.

१९३६ मधील सुटकेच्या वेळी शेतकरी त्याला राहण्याचा, तिथलीच मुलगी करण्याचा आग्रह करतात. मोटारीची चाके फोडण्याची भाषाही बोलतात. परत येईन, असे तो सांगतो आणि ते माना हलवतात. लेवी १९७५ मध्ये रोम येथे वारले आणि त्यांचे दफन आलियानोतच झाले. चरित्रातील या घटनेचा आधार घेऊन संहितेतील तो अविश्वास पुसून टाकण्याचा मोह समीक्षकाने आवरावा. ग्रंथ लिहिला जात होता तेव्हा, १९४३-४४ च्या फ्लॉरेन्समध्ये, ते वचन पाळले गेलेले नव्हते, आणि निवेदक ते जाणून होता.