वाद्ये थांबल्यावर

गेल्या दिवाळीत माझा भाचा पुण्याहून आमच्या प्रतापनगरच्या घरी आला, तो कानांत जपानी गाणी घेऊनच. मी अनारसे तळत होते. विचारले, "काय ऐकतोस रे एवढं?" म्हणाला, "मावशी, एकाहत्तर सालचं जपानी रॉक आहे. ऐकलं की जुने दिवस आठवतात." मला हसू आवरेना. ज्या वर्षी त्याची आईसुद्धा जन्मली नव्हती त्या वर्षीचे, त्याने न पाहिलेल्या गावातले, त्याला न समजणाऱ्या भाषेतले दिवस या पोराला आठवत होते!

पण ते हसू फार वेळ टिकले नाही. जुनी गाणी आपल्याला आवडतात, ती त्या गाण्यांमुळे की त्या दिवसांमुळे? माझी आवडती गाणी माझ्या कॅसेटींच्या काळातली, म्हणजे नव्वदच्या दशकातली. ती चांगली आहेत, असे मी आजवर ठासून सांगत आले. त्यात गाण्याचा वाटा किती नि माझ्या सोळाव्या वर्षाचा किती, हे मी कधी तपासले नव्हते. भाच्याला मात्र एकाहत्तर सालाचे काहीच देणे नव्हते. तरीही ते गाणे त्याला हुरहुर लावीत होते. मग ती हुरहुर आली कोठून?

ती हकिगत अशी. १९६६ च्या जूनअखेरीस बीटल्स मंडळी टोकियोत येऊन गायली, नि जपानी पोरांनी गिटारी उचलल्या. पुढची दोन-तीन वर्षे अशा वाद्यवृंदांचा तेथे नुसता पूर आला होता. त्यातून प्रश्न उभा राहिला, रॉक जपानीत गाता येईल काय? युया उचिदा यांच्यासारख्या जाणत्या गायकाचे मत पडले की, ही चाल इंग्रजीचीच. जपानी शब्द तिच्यावर बसत नाहीत. 'हॅपी एंड' नावाच्या चौघांचे म्हणणे उलट होते. १९७१ साली हा वाद एका संगीतविषयक मासिकात छापून आला, आणि त्याच वर्षी या चौघांनी 'काझेमाची रोमान' ही ध्वनिमुद्रिका काढून आपले उत्तर दिले.

अडचण खरी होती. जपानी उच्चार आपल्या मात्रांसारखा मोजला जातो. 'टोकियो' हा शब्द जपानी माणूस चार मात्रांत म्हणतो. आपल्या छंदशास्त्रात सांगायचे तर दोन गुरू. इंग्रजीत एकेका अक्षरावर आघात पडतो नि ढोलाचा ठोका त्यावर नेमका बसतो. जपानीत तसा आघात नाही. मराठीतही नाही. शिवाय आमचे शब्द प्रत्यय लागून फुगत जातात. 'घर' म्हणता म्हणता 'घरातल्यांसाठी' होते, आणि ठोका बिचारा दारातच उभा राहतो. 'हॅपी एंड'ने शब्द मध्येच तोडले, स्वर लांबवले, नि ठोक्यालाच भाषेच्या चालीने चालायला लावले.

परंतु एवढ्याने हुरहुर येत नाही. ती गाणी लिहिणारा ताकाशी मात्सुमोतो हा त्या चमूतला ढोलकरी. १९६४ च्या ऑलिंपिकसाठी टोकियोत रस्ते रुंद झाले, जुन्या वस्त्या पडल्या. आपल्या लहानपणाचे ते मोडलेले शहर त्याने शब्दांत पुन्हा वसवले आणि त्याला नाव दिले 'काझेमाची', म्हणजे वाऱ्याचे गाव. तेव्हा हुरहुर गाण्याच्या पोटातच होती. भाच्याला आपली आठवण खर्चावी लागली नाही. गाणे आपली आठवण आपल्याबरोबर घेऊन आले होते.

"आपल्याकडे असं काही झालंच नाही ना?" भाच्याने विचारले. झाले होते, पण रंगभूमीवर. लंडनमध्ये १७२८ साली जॉन गे याने भिकाऱ्याचा संगीतिका रचली. तिच्यावरून बर्लिनमध्ये १९२८ साली ब्रेख्त नि कुर्ट वाइल यांनी आपले नाटक केले. आणि १९७८ साली पु. ल. देशपांडे यांनी त्याचा 'तीन पैशाचा तमाशा' केला. पुण्याच्या थिएटर अकॅडेमीसाठी तो जब्बार पटेल यांनी बसवला. संगीत भास्कर चंदावरकर, आनंद मोडक आणि नंदू भेंडे यांचे. आत्माराम भेंडे यांचा हा मुलगा रॉक गाणारा. १९७४ साली इंग्रजी 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये त्याने जूडास गायिला होता. 'तमाशा'त नाट्यसंगीत, लावणी नि रॉक अशा तिन्ही सवती एका घरात नांदल्या. मी ते नाटक पाहिलेले नाही. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. ध्वनिमुद्रणेच ऐकली. तरी ती मला आपली वाटली, कारण पु. लं.चे शब्द बोलण्यातले आहेत. डफाच्या थापेवर शाहीर जसा समोरच्याला विचारतो, खिजवतो, तसेच ते गिटारीवर विचारतात. नंदू भेंडे २०१४ साली गेले. मराठीतल्या रॉकचा हा पहिलवान आपण नाटकाच्या जाहिरातीपुरताच लक्षात ठेवला, याचे मला वाईट वाटते.

पाडव्याच्या रात्री वीज गेली. गच्चीवर पणत्या होत्या, फराळाचा डबा होता. भाचा म्हणाला, "आता वाद्यं नाहीत. तू तुझी गाणी म्हण, मी माझी." त्याने डब्यावर ठेका धरून जपानी गाणे म्हटले. शब्द एक कळला नाही. चाल मात्र संथपणे आपल्या पायांनी चालत राहिली. मग माझी पाळी. सोळाव्या वर्षी ज्यावर जीव टाकला होता ते चित्रपटगीत मी सुरू केले. दोन ओळींनंतर काही आठवेना. आठवत होता तो कीबोर्डचा तुकडाच. तोच मी तोंडाने वाजवू लागले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, गाणं कुठाय त्यात?"

मी ओशाळले. दुसरे, तिसरे गाणेही तसेच गळाले. टिकला तो सौमित्रांच्या शब्दांचा नि मिलिंद इंगळ्यांच्या चालीचा 'गारवा'. वाद्ये काढून घेतली तरी त्यात पाऊस उरतो.

भाच्याने माझ्या बाजूने एक रास्त हरकत घेतली. "रॉक हे वाद्यांचंही गाणं आहे, मावशी. गिटार काढलीस तर अर्धा जीवच काढलास." हे मला मान्य आहे. गिटार म्हणजे दागिना नव्हे. पण शब्द गायचेच ठरवले, तर त्यांना आपल्या पायांवर उभे राहता आले पाहिजे. केवळ गिटारीच्या खांद्यावर बसून जत्रा पाहणारे शब्द जत्रा संपल्यावर घरी पोचत नाहीत.

माझ्या कॅसेटी मी टाकून दिलेल्या नाहीत. त्या कपाटात आहेत नि तेथेच राहतील. त्यांत माझे सोळावे वर्ष आहे. फक्त ती गाणी चांगली आहेत, असे आता मी म्हणणार नाही. ती माझी आहेत, एवढेच म्हणेन. सुमार गाणे ऐकणाऱ्याच्या आठवणीवर जगते आणि त्याच्याबरोबरच संपते. चांगले गाणे स्वतःची आठवण घेऊन निघते. मग वाटेत भेटेल त्याला, अगदी प्रतापनगरच्या गच्चीवरच्या एखाद्या पोरालाही, ती देऊन जाते.

वीज आली तेव्हा कोणी दिवे लावले नाहीत. सासूबाईंनी भाच्याला सांगितले, "ते तुझं वाऱ्याच्या गावाचं म्हण रे पुन्हा."