हसू कुणाकडं वळलं? : नाटककार अण्णा भाऊंविषयी

१ ऑगस्ट आला की आमच्या वस्तीत अण्णा भाऊ ट्रॅक्टरवर चढतात. गळ्यात झेंडूचा हार, पुढं गुलाल, मागं भिंतीएवढे स्पीकर. २०२४ च्या जयंतीला मी मिरवणुकीच्या कडेला उभा होतो. शेजारच्या पोराला विचारलं, "अण्णा भाऊंनी काय लिवलंय रं?"

"फकिरा."

"आनि?"

"माझी मैना."

"आनि?"

पोरगं हसलं आणि नाचायला पळालं.

त्याला काय बोलू? मी मराठी घेऊन एम.ए. झालो. नाटकाच्या पेपरात देवल होते, गडकरी होते, कानेटकर, तेंडुलकर होते. अण्णा भाऊ कादंबरीच्या पेपरात एका टिपेपुरते आले. ते नाटककार होते, डझनभराहून जास्त लोकनाट्यं आणि तीन नाटकं त्यांनी लिहिली, हे मला मास्तरांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्या जयंतीनंतर आठवड्यानं, ८ ऑगस्टच्या रात्री, केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी खुद्द केशवरावांची जयंती. सारं कोल्हापूर रडलं. मीही रडलो. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं हे थेटर. शेजारी खासबागचं कुस्तीचं मैदान. राजानं पैलवान आणि नट शेजारी-शेजारी बसवले होते. राखेकडं बघता बघता डोक्यात आलं : या जागेवर मी आयुष्यात एकदा तरी अण्णा भाऊंचं लोकनाट्य बघितलं का? नाही. इमारतीनं काही नाही म्हटलं नव्हतं. मागायला आम्हीच गेलो नाही. फोटो मागितला, चौकाला नाव मागितलं, पुतळा मागितला. नाटक मागितलं नाही.

या न मागण्याबद्दल मला बोलायचं आहे.

मराठी रंगभूमीचा दिवस ५ नोव्हेंबरला साजरा होतो. १८४३ साली त्या दिवशी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं म्हणून. आमची काही तक्रार नाही. पण १८५५ साली जोतिबांनी 'तृतीय रत्न' लिहिलं, त्याचा दिवस कोणता? एका अडाणी शेतकरी जोडप्याला भट कसा लुबाडतो आणि शिक्षणानं त्यांचे डोळे कसे उघडतात, याचं ते नाटक. दक्षिणा प्राइज कमिटीनं ते नाकारलं. छापून यायला १९७९ साल उजाडलं. १२४ वर्षं एक नाटक बस्त्यात पडून राहिलं! देवलांचं 'शारदा' १८९९ सालचं. चांगलं नाटक आहे, मी ते नाकारत नाही. म्हाताऱ्याशी लग्न ठरवलेल्या पोरीचं दुःख त्यात आहे. पण तेव्हाच आमच्या पोरी यल्लमाच्या नावानं सोडल्या जात होत्या. त्यांचं नाटक त्या रंगभूमीवर कोण लिहिणार होतं?

छापलं गेलं नाही म्हणून आमचं नाटक थांबलं नाही. ते जलशात गेलं. सत्यशोधकांनी तमाशाचा सांगाडा उचलला आणि त्यात जोतिबांचा विचार भरला. कोल्हापुरात सत्यशोधक समाज १९११ साली उभा राहिला आणि हे जलसे गावोगाव फिरले. पुढं कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. म्हणजे अण्णा भाऊ आभाळातून पडले नाहीत. त्यांच्या पायाखाली रस्ता होता. हे सांगायला आपले लोक कचरतात, पण त्यानं अण्णा भाऊ लहान होत नाहीत.

मार्च १९२० मध्ये आपल्या कागल संस्थानातल्या माणगावात परिषद झाली. शाहू महाराजांनी बाबासाहेबांकडं बोट दाखवून सांगितलं की हा तुमचा पुढारी. त्याच वर्षी १ ऑगस्टला वारणेच्या पलीकडं वाटेगावात मांगाच्या घरी तुकाराम भाऊराव साठे जन्मला. शाळा दीड दिवसाची. गुन्हेगार जमातीचा शिक्का कपाळावर. १९३१-३२ च्या सुमारास बापाबरोबर पायी मुंबईला गेला. कोळसा वेचला, ओझी वाहिली, गिरणीत राबला. गावी परतला तेव्हा नात्यातल्या बापू साठ्यांच्या तमाशात उभा राहिला. पुन्हा मुंबई, माटुंग्याची लेबर कॅम्प. १९४४ साली अमर शेख आणि गव्हाणकर यांच्या जोडीनं लाल बावटा कला पथक. 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'शेटजींचे इलेक्शन', 'माझी मुंबई', 'मूक मिरवणूक', 'लोकमंत्र्यांचा दौरा', 'पुढारी मिळाला'. नावं बघा. एकात तरी देव आहे का? राजा-राणी आहे का?

आता मुद्द्यावर येतो. सगळे समीक्षक एकच सांगतात : अण्णा भाऊंनी गणात गणपतीच्या जागी मातृभूमी, शिवराय आणि हुतात्मे आणले, गौळण काढून टाकली, तमाशाचं लोकनाट्य केलं. खरं आहे. पण हे झालं वरचं सामान. गण सत्यशोधकांनीही बदलला होता. अण्णा भाऊंनी बदलली ती हसण्याची दिशा.

माझा आजा फडात प्रधानाचं सोंग घ्यायचा. तो सांगायचा, "रातच्याला मी राजाला अक्कल शिकवायचो. सकाळी त्येच पाटलाच्या दारात भाकरीसाठी वाकून हुबा ऱ्हायचो." जुन्या वगातला सोंगाड्या राजाची टर उडवायचा, सरदाराची उडवायचा. समोर बसलेला पाटील पोट धरून हसायचा. कारण तो राजा दूरचा, उज्जैनीचा नाहीतर कुठला तरी. सुपारी दिली पाटलानं, कनात बांधली पाटलाच्या शेतात, मग पाटलावर विनोद कसा होणार? विनोद व्हायचा बाईवर, आंधळ्या-पांगळ्यावर, आमच्याच भुकेवर. आमची माणसं आमच्यावर हसवून आमचं पोट भरत होती.

माटुंग्याच्या लेबर कॅम्पात पाटील नव्हता. समोर बसलेले गिरणीवाले, गोदीवाले, झाडूवाले. फडाचा धनीच बदलला. सुपारी देणारा आणि बघणारा एकच झाला. मग सोंगाड्याला मोकळीक मिळाली आणि उज्जैनीच्या राजाच्या जागी सावकार, शेठ, मंत्री उभा राहिला. काल ज्याच्याकडून कर्ज घेतलं तोच आज स्टेजवर धोतर सावरतोय! हे अण्णा भाऊंनी केलं. ढोलकी तीच, तुणतुणं तेच, झीलकरी तेच, बतावणीची ठेवण तीच. फक्त हसू खालून वर गेलं. आणि ते वर गेलं तेव्हाच सरकार घाबरलं. मुंबई सरकारची तमाशावर बंदी आली. तमाशा 'लोकनाट्य' हे नाव घेऊन पुन्हा उभा राहिला. नुसती नाचगाणी असती तर पोलिसांनी पुढच्या रांगेत बसून बघितली असती.

पुढं काय झालं? लोकनाट्य हे नाव पांढरपेशांना आवडलं. पु.लं.नी 'पुढारी पाहिजे' लिहिलं. वसंत सबनिसांचं 'विच्छा माझी पुरी करा' १९६५ साली आलं आणि दादा कोंडक्यांनी महाराष्ट्र लोळवला. आमच्या पट्टणकोडोलीच्या शंकर पाटलांनी 'कथा अकलेच्या कांद्याची' दिली. खोटं कशाला बोलू, मी या सगळ्यांना पोटभर हसलोय. कोंडक्यांच्या हजेरजबाबीला तोड नाही. पण बघा, कोतवाल पुन्हा गोष्टीतला झाला. सिंहासन पुन्हा लांबचं झालं. तिकीट काढून आलेल्या माणसाला आपल्या खुर्चीखाली काही हलल्यासारखं वाटलं नाही. नाव अण्णा भाऊंच्या लढ्यातलं, धंदा दुसऱ्याचा. रंगभूमीच्या इतिहासात मात्र लोकनाट्याचा सुवर्णकाळ म्हणून याच पानांवर फोटो असतात.

आता थोडं घरातलं भांडण. पूजा करणाऱ्यानं टीका करायची नाही, असा आपल्याकडं नवा नियम झालाय. मी तो मानत नाही.

एक : अण्णा भाऊंच्या लोकनाट्यात सावकार स्पष्ट दिसतो, शेठ स्पष्ट दिसतो, जात तितकी स्पष्ट दिसत नाही. भाकरीचं भांडण आहे, पाणवठ्याचं भांडण कमी आहे. लाल बावट्याच्या मांडवात सगळे 'कामगार' होते. पण गिरणीतसुद्धा धोटा तोंडानं ओढावा लागतो म्हणून चांगल्या पगाराच्या विणखात्यात अस्पृश्याला घेत नव्हते. हे बाबासाहेबांनी सांगितलं, ते पथकाच्या वगात का घुमलं नाही? आपल्यातले काही जण एवढ्यावरच अण्णा भाऊंना 'त्यांचे' म्हणून टाकून देतात. तेही चूक. हाच माणूस २ मार्च १९५८ ला पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन करतो आणि म्हणतो की पृथ्वी शेषाच्या फण्यावर नसून दलित-श्रमिकांच्या तळहातावर आहे. १९५९ ची 'फकिरा' बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण करतो. वाढत जाणारा लेखक होता तो. त्याला एका झेंड्याच्या काठीला बांधून ठेवणं हा आपला आळस आहे.

दोन : गौळण गेली तशी मावशीही गेली. नाचणाऱ्या बाईवर पैसे उधळणं बंद झालं, हे बरंच झालं. पण तमाशात उलटं बोलणारी, कृष्णालाही आडवी लावणारी तीच एक होती, मग ते सोंग पुरुषानं का घेतलेलं असेना. कादंबरीत अण्णा भाऊंनी चित्रा दिली, वैजयंता दिली, आवडी दिली. लोकनाट्यात बाईला तेवढी जागा दिली नाही. ही उणीव भरायचं काम पुढच्यांचं होतं.

पुढच्यांनी काय केलं? प्रेमानंद गज्वींचं 'घोटभर पाणी' आलं, दत्ता भगतांचं 'वाटा पळवाटा' आलं. ज्या पाण्याबद्दल आणि जातीबद्दल मी वर बोललो, ते या नाटकांनी नाव घेऊन मांडलं. पण ती बहुतेक पडद्याच्या, विंगेच्या रंगमंचावर गेली. चौकातली ढोलकी मागं राहिली. २०१२ साली संभाजी भगतांच्या कल्पनेतून, राजकुमार तांगडे यांच्या लेखणीतून 'शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला' आलं तेव्हा मला पुन्हा तो आवाज ऐकू आला. गाणं, टवाळी आणि मधूनच घशात अडकणारा सवाल. तिथं मला अण्णा भाऊंचा वारसा दिसला, ट्रॅक्टरवर दिसला नव्हता तो.

म्हणून २०२५ च्या जयंतीआधी आम्ही सहा जणांनी ठरवलं, 'अकलेची गोष्ट' करायची. मंडळात विषय काढला. पैसे स्पीकरला गेले होते. एक जण म्हणाला, "तमाशा करून आनि आपलीच इज्जत काडतोस व्हय?" हे ऐकून वाईट वाटलं. ज्या कलेवर आपण जगलो तिचीच आपल्याला लाज वाटावी, इतकं त्यांनी आपल्याला शिकवलंय.

मग हलगी घेतली, जुनी ढोलकी शाई भरून आणली, दोन बल्ब लावले. तालमीत एक अडचण आली. सावकार कुणाला कळणार? आमच्या गल्लीत धोतरातला सावकार आता राहिला नाही. राबायला जाणाऱ्या एका पोरीनं तोड काढली. ती म्हणाली, "त्येला हेल्मेट घाला, पाठीला सॅक द्या, हातात मशीन द्या." २०१९ च्या पुरानंतर बायकांनी गटाचं कर्ज घेतलंय, दर आठवड्याला हप्त्याचा माणूस येतो. एका घराचा हप्ता चुकला की सगळ्या जणींना बसवून ठेवतो. आम्ही तसंच केलं. आणि मशीनवाल्याला आडवी लावायला मावशी परत आणली. ते काम त्याच पोरीनं केलं. अण्णा भाऊंची माफी मागून.

सावकार हेल्मेटसकट आत आला. क्षणभर सगळं गप्प. मग मागनं एका म्हातारीचा आवाज, "अगं बया, ह्यो तर मंगळवारचा सायब!" आणि जे हसू उठलं! माझी आई हसत होती. जिनं मंगळसूत्र गहाण टाकून हप्ता भरला ती हसत होती. माझ्या आजाला आयुष्यभर ज्यावर हसता आलं नाही, त्यावर त्या बायका हसत होत्या.

ऐंशी वर्षांपूर्वीचं नाटक, पेंगुळलेलं वाटावं असं. त्यातले इलेक्शनचे, पुढाऱ्यांचे संदर्भ काही ठिकाणी शिळे झालेत, हेही खरं. पण सांगाडा अजून जिता आहे, तुम्ही त्यात आजचा माणूस उभा केला तर. क्लासिक म्हणतात ते मला त्या रात्री कळलं.

अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ ला गेले, दारिद्र्यात. २००२ साली त्यांच्या नावानं टपाल तिकीट निघालं, २०२२ साली मॉस्कोत पुतळा उभा राहिला. आनंद आहे. पण मित्रहो, पुतळा बोलत नाही, म्हणूनच तो सगळ्यांना चालतो. त्यांची लोकनाट्यं बोलतात. केशवराव भोसले नाट्यगृहाचा पडदा पुन्हा वर जाईल तेव्हा तारीख मागायला आपण जायचं आहे. आणि तारीख मिळेपर्यंत चौक आपलेच आहेत.

प्रयोगानंतरच्या मंगळवारी हप्त्याचा माणूस आला. बायका बसल्या. एकीला हसू आलं, मग दुसरीला. त्याला काही कळेना, तो मशीनकडं बघत राहिला. हप्ता काही सुटला नाही. खरं त्या दिवशी त्यानं कुणाला बसवून ठेवलं नाही.