उपग्रहाचें धूम्रचित्र

चित्र पाहणें आणि चित्र वाचणें ह्या दोन निराळ्या क्रिया आहेत, हें कलेच्या टीकाकारांस कोणीं सांगावयास नको. परंतु शास्त्रीय चित्र समोर आलें कीं आपली विवेचक दृष्टि आपण गुंडाळून ठेवतों. जणूं काय यंत्रानें काढलेल्या चित्रास टीकेची गरजच नाहीं. ह्या समजुतीची परीक्षा करण्याचा योग 2025 च्या नोव्हेंबरांत आला.

त्या महिन्याच्या 23 तारखेस इथियोपियाच्या अफार प्रांतांतील हायली गुब्बी ह्या ज्वालामुखीचा स्फोट झाला. राख व सल्फर डायॉक्साइड वायु सुमारे 14 किलोमीटर उंच गेले, आणि तांबडा समुद्र, येमेन व ओमान ओलांडून दुसऱ्या दिवशीं रात्रीं गुजरात, राजस्थान व दिल्ली ह्या बाजूच्या आकाशांत पोंचले. विमानांचीं कांहीं उड्डाणें रद्द झालीं. त्या प्रवासाचें उपग्रहचित्र घरोघरच्या मोबाइलवर फिरलें. आम्ही तेव्हां बुलढाणा जिल्ह्यांतील अमडापुरास होतों. एका वृद्ध शेतकऱ्यानें तें चित्र आमच्यापुढें धरून विचारलें, "सर, हा ढग खाली उतरला तं तुरीचं काय होईन?"

ह्या प्रश्नांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. चित्रांत लाल-जांभळा पट्टा होता, आणि लाल म्हणजे धोका असेंच आपण सर्व शिकलों आहों. वस्तुतः ह्या वायूस रंगच नाहीं. सेंटिनेल-5पी उपग्रहावरील ट्रोपोमी हें यंत्र पृथ्वीवरून परतणाऱ्या सूर्यप्रकाशांतील अतिनील किरण तपासतें. त्यांपैकीं किती किरण वायूनें शोषून घेतले त्यावरून वायूचें प्रमाण काढतात, आणि त्या आंकड्यांस मागाहून रंग देतात. म्हणजे आपणांस जें छायाचित्र वाटतें तें खरोखर आंकड्यांचें कोष्टक आहे. त्यांतील लाल रंग निसर्गाचा नव्हे, चित्र तयार करणाराच्या निवडीचा आहे.

दुसरी उणीव याहून मोठी आहे. हा आंकडा जमिनीपासून वरपर्यंतच्या संबंध हवेच्या स्तंभांतील वायूचा असतो. तो वायु 12 किलोमीटरांवर आहे कीं आपल्या नाकापुढें, हें रंगावरून कळत नाहीं. उलट हिशेब करतांना उंची आधीं गृहीत धरावी लागते. नोव्हेंबरांतील तो ढग विमानांच्या वाटेवर होता, शेतांवर नव्हता. वैमानिकास जी भीति रास्त, ती तुरीच्या धन्यास नव्हती. आणि दोघांच्या हातीं चित्र मात्र एकच होतें.

ह्यावरून ह्या चित्रांचें मोल कमी लेखावें असा आमचा आशय नाहीं. 1883 सालीं क्राकाटोआ फुटला, तेव्हां त्याची धूळ कोठें कोठें गेली हें जगभरच्या तांबड्या सूर्यास्तांच्या वर्णनांवरून जुळवावें लागलें. 1982 सालीं जावाजवळ एका प्रवासी विमानाचीं चारही एंजिनें ज्वालामुखीच्या राखेनें बंद पडलीं. काळोखांत ती राख वैमानिकांस दिसली नव्हती. एंजिनें पुन्हा सुरू झालीं म्हणून प्रवासी वांचले. आज राखेचा मार्ग तासागणिक पाहतां येतो, ह्याचें मोठें श्रेय उपग्रहांसच दिलें पाहिजे.

परंतु चित्र काय दाखवीत नाहीं, हेंही टीकाकारानें विचारावें. आम्हीं उंचीची गोष्ट समजावून दिल्यावर तो शेतकरी म्हणाला, "मंग आपल्या धुऱ्याचा धूर कोन्या चित्रात दिसते?" अमडापूरच्या शिवारांत उन्हाळ्यांत धुरे, म्हणजे शेताचे बांध, पेटवितात, कपाशीच्या पऱ्हाट्या जाळतात. आगी शोधणाऱ्या व्हीआयआयआरएस यंत्राचा एक ठिपका 375 मीटरांचा असतो, आणि तें ठराविक वेळींच डोक्यावरून जातें. संध्याकाळीं पेटून तासाभरांत विझलेल्या धुऱ्याची बहुधा त्याच्या दप्तरीं नोंदच होत नाहीं. हा धूर मात्र उंच जात नाहीं. तो गांवांत शिरतो आणि अंगणांत निजलेल्या म्हातारीच्या छातींत बसतो. हजार कोसांवरच्या धुराची भीति आणि उंबरठ्यावरच्या धुराची संवय, हा विपर्यास चित्रानें निर्माण केलेला नाहीं. पण चित्रावर डोळे मिटून विश्वास ठेवण्याच्या आपल्या वृत्तीनें तो वाढला आहे.

म्हणून वृत्तपत्रकारांस आमची विनंती आहे कीं, असें चित्र छापतांना काय मोजलें, किती उंचीवर आणि कोणत्या वेळीं, ह्या तीन गोष्टी त्याखालीं अवश्य द्याव्या. आणि वाचकांस इतकेंच सांगणें कीं, त्या तीन गोष्टी नसतील तर त्या मागितल्यावांचून राहूं नये.