स्पष्टतेची किंमत : छायाचित्रातील अवकाश आणि काल

छायाचित्रणाच्या समीक्षेत स्पष्टता हा बहुधा केवळ तंत्राचा विषय मानला जातो. चित्र रेखीव उमटले तर ते तंत्राचे यश, पुसट उमटले तर दोष, आणि हेतुपुरस्सर पुसट केले असेल तर कला, अशी एक सोयीची वाटणी होऊन बसली आहे. परंतु स्पष्टता ही एकजिनसी वस्तू नव्हे. तिचे दोन प्रकार आहेत : एक अवकाशातील, दुसरी कालातील. पुढच्या फुलापासून मागच्या डोंगरापर्यंतचा किती पट्टा रेखीव दिसावा, हे मुख्यतः भिंगाच्या छिद्रावर अवलंबून असते. ह्या पट्ट्यालाच छायाचित्रकार ‘डेप्थ ऑफ फील्ड’ म्हणतात. हलत्या वस्तूची किती हालचाल चित्रात साठावी, हे शटरची गती ठरविते. हे दोन निर्णय परस्परांपासून स्वतंत्र नाहीत, आणि छायाचित्राच्या सत्यतेविषयीच्या कित्येक वादांचे मूळ ह्या परस्परावलंबनातच आहे.

त्यामागील गणित साधे आहे. छिद्र एका पायरीने लहान केले की आत येणारा प्रकाश निम्मा होतो. उजेड व फिल्मची संवेदनक्षमता तीच असेल तर शटर दुप्पट वेळ उघडे ठेवावे लागते. एफ/४ वरून एफ/६४ वर जाणे म्हणजे अशा ८ पायऱ्या उतरणे होय. सेकंदाच्या १००व्या भागात होणाऱ्या कामास मग सुमारे अडीच सेकंद लागतात. सेकंदाला दीड मीटर ह्या वेगाने चालणारा मनुष्य पहिल्या अवधीत दीड सेंटिमीटर सरकतो, दुसऱ्यात जवळजवळ चार मीटर. अवकाशात मिळविलेल्या स्पष्टतेची किंमत कालात मोजावी लागते, ती अशी.

कालाने चित्रातून काय पुसून जाते, ह्याचे पहिले प्रसिद्ध उदाहरण म्हणजे लुई दागेर ह्याने १८३८ मध्ये घेतलेले पॅरिसमधील बूलव्हार द्यू तांप्ल ह्या रस्त्याचे चित्र. तेथे दीर्घ अवधीचे कारण छिद्र नसून पत्र्याची मंद संवेदनक्षमता हे होते. घरे, छपरे आणि झाडे रेखीव उमटली. रस्त्यावरील वर्दळ मात्र नाहीशी झाली. जोड्यांना पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी उभा राहिलेला एक मनुष्य तेवढा ओळखू येतो. चित्रातील एकही रेषा खोटी नाही, आणि तरीही रस्ता ओसाड असल्याचा त्याचा निर्वाळा खरा नाही.

पुढे वाद रंगला तो अवकाशातील स्पष्टतेवर. पीटर हेन्री एमर्सन ह्याने १८८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, मानवी नेत्र एका वेळी एकच भाग रेखीव पाहतो. म्हणून छायाचित्रातही मुख्य विषय स्पष्ट आणि भोवताल किंचित सौम्य असावा. त्याच्या युक्तिवादातील उणीव अशी की, नेत्र स्थिर राहत नाही. तो एका वस्तूवरून दुसरीवर जातो आणि जेथे जातो तेथे स्पष्टता निर्माण करतो. चित्रातील पुसट भागावर प्रेक्षकाने कितीही वेळ दृष्टी खिळविली तरी तो पुसटच राहतो. म्हणजे ज्याला एमर्सन निसर्गाचे अनुकरण समजत होता, ते वस्तुतः छायाचित्रकाराने प्रेक्षकाच्या दृष्टीला घातलेले बंधन होते.

ह्याच्या उलट टोकाची भूमिका १९३२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे प्रदर्शन भरविणाऱ्या ‘ग्रुप एफ/६४’ ह्या गटाने घेतली. ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम प्रभृतींच्या ह्या गटाने आपले नावच सर्वांत लहान छिद्रांपैकी एकावरून घेतले; इतर कलांची उसनवारी न करणारे शुद्ध छायाचित्रण हा त्याचा आग्रह होता. वेस्टनचे १९३० मधील ढोबळी मिरचीचे चित्र ह्या वृत्तीचा उत्कृष्ट नमुना ठरावे. पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवलेल्या त्या मिरचीची प्रत्येक वळी त्यात शिल्पासारखी उठून दिसते. परंतु त्यासाठी शटर काही मिनिटे उघडे ठेवावे लागले. मिरची तेवढा वेळ स्वस्थ बसते. मूल बसत नाही. शंख, भाज्या आणि खडक ह्या गटाला प्रिय झाले, त्यामागे सौंदर्यदृष्टी होतीच; पण लहान छिद्राचा हुकूमही होता. व्यक्तिचित्रांसाठी वेस्टन हाती धरता येणारा ग्राफ्लेक्स कॅमेरा वापरीत असे, ही गोष्ट ह्या संदर्भात लक्षणीय आहे.

त्याच १९३२ मध्ये आंरी कार्तिए-ब्रेसाँ ह्याने पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकामागे डबक्यावरून उडी घेणारा मनुष्य टिपला. त्याची टाच पाण्याला टेकण्याच्या बेतात आहे. ‘निर्णायक क्षण’ ह्या संकल्पनेचे उदाहरण म्हणून गाजलेल्या ह्या चित्रातील तो मनुष्य रेखीव नाही. गतीने किंचित पुसटला आहे. गोठलेला क्षण म्हणून ज्याची कीर्ती, त्यातही कालाचा एक लहानसा तुकडा शिल्लक आहे, आणि उडीची उडी म्हणून जाणीव होते ती त्या तुकड्यामुळेच. वेस्टनची मिरची आणि ही उडी ह्यांपैकी अधिक सत्य कोणते, हा प्रश्नच अप्रस्तुत आहे. प्रत्येकाने एका प्रकारची स्पष्टता सोडून दुसरी घेतली आहे.

म्हणूनच छिद्र व शटर ह्यांवरील प्रयोगांकडे केवळ विद्यार्थ्याचा सराव म्हणून पाहणे योग्य नव्हे. एकाच दृश्याची, एकूण प्रकाश कायम राखून परंतु ही जोडी बदलून घेतलेली पाच-सहा चित्रे शेजारी मांडली, तर एकच वस्तुस्थिती किती प्रकारांनी सत्य होऊ शकते, हे कोणत्याही सिद्धांतापेक्षा अधिक लवकर उमगते.

आज ह्या विचाराला नवी निकड आली आहे. मोबाइलमधील लहान संवेदकामुळे दृश्याचा मोठा पट्टा आपोआप स्पष्ट येतो, आणि पार्श्वभूमीचा पुसटपणा पुष्कळदा भिंगाऐवजी गणनेने मागाहून घातला जातो. पूर्वी पुसटपणा हा एका निवडीची खूण होती. छायाचित्रकाराने काय गमावले, हे त्यावरून वाचता येत असे. किंमत न मोजता मिळालेल्या पुसटपणातून तसा निष्कर्ष काढता येणार नाही. तेव्हा ‘चित्र स्पष्ट आहे काय?’ ह्या जुन्या प्रश्नाऐवजी ‘ही स्पष्टता कशाच्या मोबदल्यात आली?’ हा प्रश्न समीक्षेने विचारला पाहिजे. आणि मोबदला दिलेलाच नसेल, तर तेही नोंदविले पाहिजे.